हजेरीला उशिरा आलेला सयाजी

बेल्ह्याच्या बैलबाजारात सयाजी बांगर दलाली करायचा, पण त्याला कुणी दलाल म्हटलेलं खपत नसे. ‘पारखी म्हणा,’ असं तो सांगायचा आणि लोकही म्हणायचे, कारण तसं म्हणायला कुणाच्या खिशातलं काही जात नव्हतं. सोमवारी सकाळी तो बाजारातून एक फेरी मारायचा. बैलाच्या तोंडात हात घालून दात बघायचा, खांद्यावर थाप द्यायचा, चार पावलं चालवायचा आणि एकच वाक्य बोलायचा. फारच मोठी खोड असली तर तेही न बोलता नुसता पुढं चालायला लागायचा. ‘डावा पाय ओढतोय’ असं तो म्हणाला की तो बैल ज्या टेंपोतून आला त्याच टेंपोतून संध्याकाळी घरी जायचा. मग मालकानं आकाशपाताळ एक केलं तरी उपयोग नसे. बाजारात एकदा खोड काढली की काढली. ज्यानं काढली त्यानंच पुढच्या सोमवारी त्याच बैलाचं कौतुक केलं, तर सगळा बाजार गालात हसायचा. मधल्या सात दिवसांत उपरण्याखाली बोटं धरून गुपचूप सौदा झाला आणि याचा हिस्सा ठरला, हे न सांगता कळायचं.

ही रीत बैलांपुरती होती तोवर ठीक होतं.

सयाजीला दुसरं वेड तमाशाचं. चैत्र लागला की जुन्नर-आंबेगावात गावोगावच्या यात्रा सुरू होतात आणि तमाशाशिवाय यात्रा म्हणजे मिठाशिवाय कालवण. नारायणगावात रस्त्याच्या कडेनं फडांच्या राहुट्या लागतात. कनात, आत सतरंजी, पुढं फडाचा रंगीत फलक आणि खुर्चीत बसलेला मॅनेजर. गावोगावचे पंच जीपगाड्या भरून तिथं येतात आणि आपल्या यात्रेसाठी फड ठरवतात. ठरवण्याआधी एकमेकांना विचारतात, ‘गेल्या साली तुमच्याकडं कोण व्हतं? कसं झालं?’ छापील जाहिरातीवर कुणी विश्वास ठेवत नाही. ज्यानं बघितलं त्याच्या तोंडचा शब्द चालतो. नव्वदच्या आसपास असा सगळ्यात जास्त चालणारा शब्द सयाजी बांगराचा होता.

तो उगाच मोठा झाला नव्हता, हेही सांगायला हवं. त्याला कान होता. ढोलकीची शाई उतरलेली त्याला पन्नास हातांवरून कळायची. गवळणीतली मावशी कुठं पाठ केलेलं बोलतेय आणि कुठं समोरच्या गावाकडं बघून नवीन काढतेय, हे तो बरोबर सांगायचा. कुणा फडमालकाचा त्यानं कधी चहासुद्धा घेतला नाही. गणापासून शेवटपर्यंत जागचं हलायचं नाही, असा त्याचा नेम होता. चार तास बसायचं आणि उठताना एक वाक्य बोलायचं. ते वाक्य ऐकायला माणसं थांबून राहायची. माणसाला असं कुणी थांबून ऐकायला लागलं की त्याच्या डोक्यात हवा जायला वेळ लागत नाही.

त्याची बायको साळुबाई एकदा भाकरी थापता थापता म्हणाली होती, “बैलाला पाय चार असत्यात, ते मोजून बोलता येतं. गाण्याचं तुमी काय मोजता?”

“ते तुला नाय कळायचं,” सयाजी म्हणाला. तिला कळत होतं. त्यालाच कळायचं राहिलं होतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या चैत्रात अवसरी बुद्रुकच्या यात्रेला प्रयागबाईचा फड होता. प्रयागबाई पंचेचाळिशीची. फड तिचाच, गाणारीही तीच. कपाळ मोठं, उंची बेताची, नाचात आता फार दम नाही, पण गळा असा की माईक बंद पडला तरी शेवटच्या बैलगाडीपर्यंत शब्द कळावा. तिच्या मागं ढोलकीला भागुजी. तो घोडेगावचा. चौदा एप्रिलला त्यांच्या वस्तीच्या जयंतीत वाजवायचं म्हणून तेवढी एक तारीख तो फडाला कधी द्यायचा नाही, बाकी सगळं वर्ष फडाचं. प्रयागबाईची मुलगी इंद्रायणी तेव्हा सोळा वर्षांची, मागच्या रांगेत नाचायची.

आपल्याकडची चाल अशी की रात्रीचा तमाशा झाला तरी फडाची सुटका नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गावासमोर पुन्हा खेळ करायचा, त्याला हजेरी म्हणतात. रात्रीच्या दिव्यांत सगळंच चांगलं दिसतं. खरी पारख हजेरीला, उन्हात. रंग उतरलेला असतो, झोप झालेली नसते, आणि समोर पोराबाळांसकट पाच-सात हजार माणूस. हजेरी संपली की दुपारी कुस्त्या, आणि मधल्या वेळात पंच ठरवतात की पुढच्या साली हाच फड ठेवायचा की बदलायचा.

त्या सकाळी सयाजी हजेरीला निघाला तो वेळेवरच. पण मंचरजवळच्या एका मळ्यात खोंडांची जोडी आहे असं त्याला कुणी सांगितलं होतं, म्हणून त्यानं एम-एटी दुचाकी तिकडं वळवली. खोंडं नामी निघाली. मालकानं चहा केला, मग भेळ आणली, मग वडिलांच्या काळच्या बैलांच्या गोष्टी काढल्या. सयाजी अवसरीत पोचला तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. त्यानं गर्दीच्या मागं गाडी लावली आणि टाचा उंचावून बघितलं. प्रयागबाई शेवटची लावणी म्हणत होती. आवाज फाटलेला, वरच्या पट्टीत नुसता वारा निघत होता. पाच मिनिटांत संपलं आणि लोक धोतरं झटकत उठले.

पानाच्या टपरीपाशी गेणभाऊ उभा होता, यात्रा कमिटीचा मुख्य पंच. त्याच्याभोवती वीस-पंचवीस माणसं. सयाजीला बघून त्यांनी वाट करून दिली.

“या सयाजीराव! बोला, कसा वाटला फड? पुढल्या साली ह्योच ठिवावा का?”

‘मी आत्ताच आलोय राव, मला काही ठाऊक नाही.’ एवढं बोलायचं होतं. दहा वर्षांत त्याला कुणी असं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि पंचवीस माणसं त्याच्या तोंडाकडं बघत होती. सयाजीनं पान तोंडात घातलं, चुना जिभेला लावला आणि म्हणाला, “बाईचा गळा संपला. आता दावणीला बांधायची न् वैरण घालायची.”

माणसं खदाखदा हसली. सयाजीही हसला. आपलं वाक्य चांगलं झालंय, हे त्याला लगेच कळलं.

पुढच्या सोमवारी ते वाक्य बेल्ह्याच्या बाजारात त्याच्याआधी येऊन बसलं होतं. संगमनेरकडचे व्यापारी ते एकमेकांना सांगत होते. बाजारातून ते टेंपोत बसून पारनेरला गेलं, मोटारसायकलीवर बसून ओतूरला गेलं. प्रयागबाईच्या त्या साली आणखी चार यात्रा ठरलेल्या होत्या. त्यातल्या तीन गावांनी निरोप पाठवला की आम्ही दुसरा फड बघतोय. चौथ्या गावात तिनं तोंड उघडायच्या आतच मागून कुणीतरी ओरडलं, “वैरण टाका रं!”

हे सयाजीला वर्षभर माहीत नव्हतं असं नाही. कानावर येत होतं. पण आपलं वाक्य लोकांच्या तोंडी आहे, याचंच त्याला जास्त वाटत होतं. माणूस वाईट नव्हता, पण कौतुकाला चटावलेला होता, आणि चटावलेला माणूस मागं वळून बघत नाही.

एकोणीसशे नव्याण्णवचा पाडवा झाल्यावरच्या पहिल्या सोमवारी भागुजी ढोलकीवाला बाजारात आला. बैल घ्यायचा नव्हता, विकायचा नव्हता. सयाजी एका वळूच्या पाठीवर हात फिरवत होता. भागुजी त्याची फेरी संपेपर्यंत उन्हात उभा राहिला आणि मग म्हणाला, “सयाजीभाऊ, एक इचारायचं व्हतं. अवसरीच्या हजेरीला तुमी कवा आला व्हता?”

“का रं?”

“न्हाई, आमी नऊला उभं राह्यलो. साडेनऊला लाइट गेली. जनरेटर चालू केला तर त्यातलं डिझेल संपलेलं. गावाची माणसं ओरडाय लागली. बाईंनी माईक बाजूला सारला आन् बिनमाईकची गायली. पावणेदोन तास, सयाजीभाऊ. सात हजार माणूस आन् वाऱ्याचं तोंड उलटं. गण, गवळण, समदा वग. शेवटच्या झाडाखालचा माणूस टाळ्या वाजवत व्हता. म्या बत्तीस वरसं ढोलकी वाजवतोय, असं गाणं म्या ऐकलं न्हाई. शेवटच्या लावणीला गळा फाटला. फाटणारच. माणसाचाच हाय त्यो. तुमी ते समदं ऐकून जर तसं बोलला असाल, तर मला काय कळत न्हाई असं म्हणतो आन् ढोलकी खाली ठिवतो. म्हणून इचारतोय. कवा आला व्हता?”

सयाजीला खोटं बोलता आलं असतं. त्याचे ओठ हललेसुद्धा. पण भागुजी भांडायला आला नव्हता, खरंच विचारायला आला होता. “शेवटच्या लावणीला,” सयाजी म्हणाला.

भागुजीनं डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. “नारायणगावात राहुटी लावलीय,” तो म्हणाला. “पाच दिवस झालं. आत एक बी पंच आला न्हाई.”

त्या दिवशी सयाजी घरी जाऊन जेवला नाही. साळुबाईला त्यानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आता सांगताय ते मला सांगून काय उपेग? ज्यांच्याम्होरं बोलला त्यांच्याम्होरं जाऊन सांगा.”

तो गेला. आधी बाजारातच सुरुवात केली. पुढच्या सोमवारी भरबाजारात, चहाच्या पालापुढं उभा राहून तो म्हणाला, “प्रयागबाईच्या गळ्यात काय बी खोड न्हाई. माझी चूक झाली.” मग एका व्यापाऱ्यानं आपल्या उपरण्याखाली हात घालून बोटं हलवून दाखवली आणि अख्खा पाल हसला. “किती ठरलं सयाजीराव?” कुणीतरी म्हणालं. सयाजी रागानं लाल झाला, शपथा घातल्या, आवाज चढवला. जितका तो चिडला तितका लोकांचा संशय पक्का झाला. जन्मभर त्यानंच शिकवलेली रीत होती, आता ती त्याच्यावरच चालत होती.

मग तो अवसरीला गेला. गेणभाऊ कांद्याच्या बराखीत कांदा भरत होता. सयाजीनं त्याला बाजूला घेतलं आणि खरं ते सांगितलं. सव्वाअकरा वाजले होते, शेवटची लावणी चालू होती, मी काहीच ऐकलं नव्हतं.

गेणभाऊनं हातातली पाटी खाली ठेवली. “मंग बोलला कशाला?”

“तुमी इचारलं म्हणून.”

“आवं, इचारलं म्हणून?” गेणभाऊचा आवाज चढला, आणि मग अचानक उतरला. तो बराखीच्या कुडाला टेकला. “सयाजीराव, तुमाला खरं सांगू? मला बाई चांगली वाटली व्हती. लई चांगली. आमची म्हातारी रडत व्हती गवळण ऐकून. पण तुमी बोलला, न् मला वाटलं, आपल्यालाच कळत नसंल.”

“मंग आता तसं सांगा ना गेणभाऊ! तुमचा शब्द ऐकत्याल लोक. यंदा तुमच्याच यात्रेला ठिवा तिला.”

“कसं सांगू? वरीसभर मीच सांगत फिरलोय, गळा संपला म्हणून. दहा गावच्या पंचांला मीच सांगितलं. आता म्हणू की मला आधीपासनं आवडली व्हती? मंग माझं तोंड कुठं ठिवू?” गेणभाऊनं पाटी पुन्हा उचलली. “आन् हे बघा, तुमी उशिरा आल्याचं कुणाला सांगू नका. तुमची अब्रू जाईल ती जाईल, आमाला लोक हसत्याल.”

सयाजीनं ऐकलं नाही. तो सांगतच सुटला. मंचर, कळंब, घोडेगाव, ओतूर, आळेफाटा. एम-एटीचं पेट्रोल संपलं की एसटीनं. ज्या गावच्या पंचांची नावं ठाऊक होती त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचा. पाणी प्यायचा, चहाला नको म्हणायचा आणि सांगायचा की मी खोटं बोललो होतो. लोक ऐकून घ्यायचे. काही जण त्याची कीव करायचे. बहुतेकांना वाटायचं की बाईनं याला नादी लावलंय. आळ्याच्या एका म्हाताऱ्यानं तर साळुबाईकडं निरोप पाठवला की नवऱ्याला आवर. बैलांच्या बाबतीतही लोक त्याच्या कौतुकाला किंमत देईनासे झाले. ‘सयाजी चांगला म्हणतोय म्हणजे काहीतरी मिळालं असंल,’ असं म्हणायला लागले. खोड काढली तर मात्र अजून मान डोलवायचे. कौतुक विकत मिळतं, खोड काढायला कोण पैसे देतो?

अक्षय तृतीया चार दिवसांवर आली. तोवर ठरलं नाही तर त्या सालात काही ठरत नाही, राहुट्या उठतात. सयाजी रोज नारायणगावला जाऊन राहुट्यांच्या रांगेच्या टोकाला उभा राहायचा. प्रयागबाईच्या राहुटीत जायचं धाडस त्याला झालं नाही. समोरच्या राहुटीत गर्दी असायची. तिथल्या फलकावर बारा पोरींचे फोटो होते आणि टेपवर सिनेमाची गाणी चालू असायची. पंच तिकडं वळायचे, इकडं एकदा बघायचे, एकमेकांना काहीतरी सांगायचे आणि हसायचे. काय सांगतात ते सयाजीला ठाऊक होतं. त्याचंच वाक्य होतं.

शेवटी घोडेगावच्या वरच्या अंगाच्या दोन गावांचे पंच आले, तेव्हा सयाजीनं जीपच्या दाराशीच त्यांचे पाय धरले. खरंच धरले. त्यांच्यातला वडील माणूस सावळेराम गांगरून गेला. “आवं पावणं, काय करताय हे?”

“माझं ऐकू नका,” सयाजी म्हणाला. “म्या काय बी सांगत न्हाई. फकस्त आत या न् बाईचं एक गाणं ऐका. तुमच्या कानानं ऐका. मंग कुठं जायाचं तिकडं जा.”

सावळेरामला नाही म्हणवेना. ते सहा जण प्रयागबाईच्या राहुटीत शिरले. भर दुपार होती. कनातीखाली उकडत होतं. प्रयागबाई साधं सुती पातळ नेसून लसूण सोलत बसली होती. सयाजी पहिल्यांदाच तिला इतक्या जवळून बघत होता. तिनं त्याला ओळखलं की नाही ते कळलं नाही. पंच आले म्हटल्यावर तिनं लसणाचं ताट बाजूला सारलं, चूळ भरली, पदर खोचला. भागुजीनं ढोलकी मांडीवर घेतली. मागं इंद्रायणी तुणतुणं घेऊन उभी राहिली.

ती गायली. एक गवळण, मग पंचांनी न सांगता एक लावणी. सयाजी कनातीच्या खांबाला पाठ लावून सगळं ऐकत होता, पहिल्या सुरापासून. आवाजात आधी जराशी भीती होती, मग ती गेली आणि आवाज मोकळा झाला. समोरच्या राहुटीतली टेप कुणीतरी बंद केली. रस्त्यावरचा उसाच्या रसाचा गाडेवाला घुंगराचं चाक थांबवून बघायला लागला. सयाजीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यानं ते पुसलं नाही.

गाणं संपलं. सावळेरामनं मान हलवली, तोंड उघडलं, आणि मग त्यानं आपल्या माणसांकडं बघितलं. त्याच्या माणसांनी त्याच्याकडं बघितलं. कुणालाच पहिलं बोलायचं नव्हतं. मग सगळ्यांच्या माना हळूहळू सयाजीकडं वळल्या.

“तुमी काय म्हणता, सयाजीराव?”

“तुमी सांगा ना,” सयाजी काकुळतीला येऊन म्हणाला. “तुमी ऐकलं ना आत्ता? तुमच्या कानाला काय वाटलं ते सांगा!”

“आमाला बरं वाटलं. पण आमाला त्यातलं काय कळतंय? गावाला जबाब द्यावा लागतो. तुमी जाणकार. तुमी बोला.”

“यापेक्षा चांगला गळा म्या जन्मात ऐकला न्हाई.”

एक तरुण पंच फस्सकन हसला. सावळेराम मात्र हसला नाही. तो उठला, धोतराचा सोगा सावरला आणि सयाजीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “मागल्या साली बी तुमीच बोलला व्हता, पावणं. आमी कंचं धरावं?” त्यानं प्रयागबाईला नमस्कार केला आणि ते सहा जण रस्ता ओलांडून समोरच्या राहुटीत गेले.

इंद्रायणीनं तुणतुणं खाली ठेवलं. प्रयागबाई पंच गेले त्या दिशेला बघतच नव्हती. ती सयाजीकडं बघत होती.

“आज पुरतं ऐकलं का?” तिनं विचारलं.

“ऐकलं, बाई.”

“कसं व्हतं?”

“लई चांगलं व्हतं. देवाशप्पथ.”

ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली, ऐकलेलं पटतंय का ते स्वतःशीच तपासत असल्यासारखी. मग तिनं मान हलवली. “नाय पटत,” ती म्हणाली. “रोज पहाटं उठून गाते. सूर लागला की वाटतं, लागला. लगेच वाटतं, न्हाई, गळा संपलाय, ह्यो नुसता भास हाय. भागुजी चांगलं म्हणतो, पण त्यो माझा माणूस. तुमी परके. मला वाटलं व्हतं, तुमी येऊन चांगलं म्हणलात की माझं मन मानंल. पण आता तुमच्या तोंडून चांगलं बी खरं वाटत न्हाई. मंग मी कुणाला इचारू?”

सयाजी मटकन सतरंजीवर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. कुणी त्याला उगी केलं नाही, कुणी हाकललंही नाही. प्रयागबाईनं लसणाचं ताट पुढं ओढलं.

“समोरच्या फडवाल्यांनी इंद्रायणीला मागितलंय,” लसूण सोलता सोलता ती म्हणाली. “मी फड मोडतेय. ती तिकडं जाईल. तिच्या गळ्यात माझ्याहून जास्ती हाय, पण आधी नाचावं लागंल. तुमी एक करा. माझ्या पोरीबद्दल कवा काय बोलू नका. चांगलं न्हाई न् वाईट न्हाई. लोकांनी हातापाया पडून इचारलं तरी बोलू नका.”

सयाजीनं शपथ घ्यायला हात वर केला.

“शपथ नगं,” ती म्हणाली. “नुसतं गप ऱ्हावा.”

प्रयागबाई पुन्हा कुठं गायली नाही. नारायणगावातच एक खोली घेऊन राहिली आणि पापड लाटायचं काम करायला लागली. सयाजी बाजारात जात होता, बैल बघत होता, पण तमाशाबद्दल त्यानं तोंड शिवून घेतलं. यात्रेला गेला तरी कुस्त्या बघून यायचा. लोकांनी हळूहळू विचारायचं सोडलं.

इंद्रायणी त्या बारा पोरींत चार वर्षं नाचली. पाचव्या वर्षी, दोन हजार तीन साली, मालकानं तिला पहिल्यांदा मध्ये उभं केलं आणि गायला सांगितलं. फड फिरत फिरत बेल्ह्याच्या यात्रेला आला. हजेरी नऊ वाजता होती. सयाजी साडेसातला जाऊन अगदी पुढं, पोरांच्या रांगेत मांडी घालून बसला.

पोरीनं गळा आईचा घेतला होता. तसाच मोकळा, पण कोवळा, आणि अंगात धीटपणा आईहून जास्त. साडेतीन तास सयाजी जागचा हलला नाही. संपल्यावर उठताना त्याचे गुडघे धरले होते, तरी त्याला वीस वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटत होतं. कुणालातरी सांगावं, ओरडून सांगावं, असं त्याला फार फार वाटलं. तेवढ्यात कमिटीची माणसं आली. त्यांनी त्याला पुढं बसलेलं बघितलं होतं.

“सयाजीबाबा! किती वरसांनी आलात हजेरीला! सांगा, कशी वाटली पोरगी? पुढल्या साली तिला ठिवावं म्हणतोय.”

सयाजीनं ओठ घट्ट मिटले. मान खाली घातली. तो त्यांच्यामधून वाट काढत पुढं चालायला लागला.

मागून एक जण हळूच म्हणाला, “काय बोलला न्हाई.”

“न्हाई ना. बाजारात बी तसंच करायचा. लई मोठी खोड असली की म्हातारा नुसता पुढं चालायला लागायचा.”

“म्हंजे काहीतरी हाय तिच्यात.”

“मला बी शेवटाला जरा कमीच वाटली.”

सयाजी थांबला. गप्प राहावं तर पोरगी बुडत होती, आणि बोलावं तर त्याच्या कौतुकाला तालुक्यात कवडीची किंमत नव्हती. तो गरकन वळला आणि दोन्ही हात वर करून, फुटक्या आवाजात ओरडला, “चांगली गायली रं! लई चांगली गायली इंद्रायणी! म्या पहिल्यापासनं ऐकलंय, साडेतीन तास ऐकलंय!”

मग त्यांच्यातल्या एकानं खांद्यावरचा रुमाल काढला, त्याखाली हात घातला आणि बोटं हलवली, आणि बाकीचे मनापासून हसायला लागले.

कनातीच्या आत इंद्रायणी पायातले चाळ सोडत होती. आपलं नाव ऐकून तिनं कापड बाजूला करून बाहेर बघितलं. कोण ओरडतंय ते तिच्या लक्षात आलं, रुमालाखाली हलणारी बोटंही दिसली, आणि ती चाळ हातात घेऊन तशीच खाली बसली.